राजगिऱ्याएवढी पृथ्वी

वही-पेन जवळ असेल तर घेऊन बसा, कारण आज आकडे आहेत. पण ते सगळे साडीच्या, सुतळीच्या आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या मापाचे आहेत, तेव्हा घाबरून रेडिओ बंद करू नका.

आपल्या मुलांच्या पुस्तकात सूर्यमालेचं चित्र असतं. डाव्या बाजूला पिवळा सूर्य आणि त्याच्या शेजारी ओळीने आठ ग्रह, माळेत मणी ओवल्यासारखे. आम्हीही शाळेत तेच चित्र काढलं, रंगवलं आणि मार्क मिळवले. ते चित्र काढणाऱ्याचा दोष नाही. कागदावर दुसरं काही जमतच नाही. सूर्यापासून शेवटच्या ग्रहापर्यंतचं अंतर जर वहीच्या पानावर २० सेंटिमीटरमध्ये बसवलं, तर सूर्य स्वतःच सुईच्या टोकाने टोचल्याएवढा होतो आणि ग्रह तर दिसतच नाहीत. म्हणून चित्रात ग्रह फुगवतात आणि अंतरं आवळतात. खरं माप बघायचं असेल तर घराबाहेर पडून रस्त्यावर यावं लागतं.

आम्ही रस्त्यावर आलो त्याला कारण झालं एक कर्ज. गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला होता, दोन स्थळं त्यावरून परत गेली होती, आणि आता शांती करायची म्हणून पैसे हवे होते. कर्जाच्या वहीत कारणाचा रकाना असतो. सचिव ताई पेन धरून थांबल्या. कोणी म्हणालं, द्या, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. कोणी म्हणालं, या पैशातून शेळी आली असती. वाद वाढला आणि मध्येच गटातल्या सर्वांत धाकट्या सुनेने विचारलं, "पण हा मंगळ आहे केवढा? आणि आहे कुठे?" वीस बायकांत एकीलाही सांगता आलं नाही. दोघी पदवीधर होत्या, त्यांनाही नाही. कर्ज पुढच्या बैठकीवर ढकललं आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं. त्यांनी सांगितलं, रस्ता मोजून काढा, मीही येते.

आता प्रमाण कसं धरायचं ते सांगतो. जमिनीचा गट नकाशा तुम्ही बघितला असेल. त्यात आपलं दोन एकर शेत बोटाएवढं दिसतं, पण बांध, विहीर, वाट सगळं त्याच हिशोबाने लहान झालेलं असतं. तसंच इथे. आम्ही ठरवलं, एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर. हे प्रमाण फार सोयीचं आहे, कारण शून्यांची गडबड होत नाही. मग एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर, आणि एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार किलोमीटर. एवढं लिहून घेतलं की बाकीचं घरी करता येतं.

सूर्याची रुंदी साधारण १४ लाख किलोमीटर आहे. म्हणजे आपला सूर्य १४ सेंटिमीटरचा. सोललेला नारळ किंचित कमी पडतो. आम्ही चिंध्यांचा गोळा केला, वरून पिवळा ब्लाऊजपीस ताणून शिवला आणि शिंप्याच्या टेपने घेर मोजला. घेर ४४ सेंटिमीटर भरला की गोळा बरोबर झाला.

पृथ्वीची रुंदी १२,७५६ किलोमीटर. म्हणजे सव्वा मिलिमीटर. इथे आमचा खरा गोंधळ सुरू झाला. डबे उघडले. तीळ लांबट, चालत नाही. मोहरी मोठी पडते. नाचणीही जरा मोठीच. शेवटी राजगिऱ्याचा दाणा पट्टीवर ठेवून बघितला आणि तो बसला. आपली पृथ्वी, सगळे समुद्र, सगळे देश, आपली साडेबारा, पंधरा गुंठे जमीन, सगळं त्या एका राजगिऱ्यावर. शुक्रही जवळपास तेवढाच, म्हणून दुसरा राजगिरा शुक्राला. मंगळ त्याच्या निम्म्याने, त्याला खसखशीचा बारीकसा दाणा. बुधाला आणि आपल्या चंद्राला बारीक रव्याचे कण; चंद्राचा कण त्यातही बारीक निवडायचा. गुरू हा ग्रहांमधला थोरला, १४ मिलिमीटरचा, म्हणजे पोरांची लहान गोटी. शनी १२ मिलिमीटरचा, तो कणकेचा वळून वाळवला आणि त्याला जाड कागदाचं कडं घातलं. कड्याची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेतीन सेंटिमीटर. युरेनस आणि नेपच्यून पाच-पाच मिलिमीटरचे, काळ्या मिरीचे दोन दाणे.

दाणे नुसते रस्त्यावर ठेवायचे नाहीत. कोंबड्या आहेत, मुंग्या आहेत आणि वारा आहे. पांढऱ्या पुठ्ठ्यावर डिंकाने एकेक दाणा चिकटवायचा, खाली मोठ्या अक्षरात नाव लिहायचं आणि पुठ्ठा तुरीच्या काटकीला बांधून रोवायचा. दाणा दिसत नाही म्हणून त्याच्याभोवती लाल पेनने गोल करायचा. अंतर मोजायला दहा मीटरची सुतळी घेतली आणि दर मीटरला गाठ मारली. सुगी संपल्यावर, सकाळचं ऊन चढायच्या आत हे करावं. आम्ही मारुतीच्या पारावर सूर्य ठेवला आणि एसटी थांब्याकडे जाणाऱ्या सरळ रस्त्याला लागलो.

पहिला बुध, ५ मीटर ८० सेंटिमीटरवर. म्हणजे एक साडी पसरली आणि वर वीतभर. शुक्र १०.८ मीटरवर, दोन साड्यांना जरा कमी. पृथ्वी १५ मीटरवर, तीन साड्यांच्या थोडं अलीकडे. मंगळ २२.८ मीटरवर, चार साड्या आणि वर थोडं. इथपर्यंत सगळ्याजणी एकमेकींना दिसत होत्या, हसत-बोलत होत्या. पारावर बसलेले आजोबा लोकही काठी टेकत आले.

यापुढे मात्र चालणं सुरू होतं. गुरू ७८ मीटरवर. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो खडक-दगड सूर्याभोवती फिरतात, त्यांना लघुग्रह म्हणतात. एका काकूंनी तिथे चिमूटभर पीठ टाकलं. तेही फार झालं, कारण ते सगळे खडक एकत्र केले तरी आपल्या चंद्राएवढे भरत नाहीत. शनी १४३ मीटरवर. युरेनस २८७ मीटरवर. नेपच्यून ४५० मीटरवर, सुतळी ४५ वेळा टाकावी लागली. शनीपाशीच निम्म्या बायका म्हणाल्या, आता काय उरलंय पुढे, रिकामाच रस्ता आहे. त्यांचं बरोबर होतं. रिकामा रस्ता हीच तर बघायची गोष्ट होती. पुस्तकातल्या चित्रात नेमकं तेच नसतं. मिरीचा दाणा घेऊन एसटी थांब्यापाशी उभं राहा आणि मागे वळून बघा. मारुतीच्या पारावरचा पिवळा गोळा ठिपक्याएवढाही नीट दिसत नाही. नेपच्यूनवर सूर्याचा उजेड आपल्यापेक्षा नऊशे पटीने कमी पोचतो, हे तिथे उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र मुलांना आवर्जून सांगा. ग्रह असे एका ओळीत उभे नसतात. आपण सोयीसाठी रस्ता धरला. खरं तर प्रत्येक ग्रह सूर्याभोवती आपापल्या वाटेने गोल फिरतो, कोण शाळेच्या बाजूला, कोण ओढ्यापलीकडे. आपला राजगिरा त्या पिवळ्या गोळ्याभोवती १५ मीटरच्या दोरीने, रोज वीतभरापेक्षा थोडा जास्त सरकत, वर्षात एक फेरी पुरी करतो. नेपच्यूनच्या एका फेरीला १६५ वर्षं लागतात. तो दुर्बिणीतून पहिल्यांदा ओळखला गेला १८४६ साली, आणि तेव्हापासूनची त्याची पहिली फेरी पुरी झाली २०११ मध्ये.

आता माप खरं आहे की आम्ही आपलं सांगतोय, हे कसं तपासायचं? पृथ्वीच्या काटकीपाशी उभं राहून पारावरच्या गोळ्याकडे बघा. तो जेवढा दिसतो, तेवढाच आकाशातला सूर्य दिसतो. पण खऱ्या सूर्याकडे डोळे लावून बघायचं नाही, डोळा कायमचा जातो. त्याऐवजी पौर्णिमेचा चंद्र बघा, तोही आकाशात सूर्याएवढाच दिसतो. हात लांब करून करंगळीचं नख आडवं धरा. चंद्रही झाकतो आणि १५ मीटरवरचा आपला गोळाही झाकतो.

ग्रहणाचं कोडं इथेच सुटतं. चंद्राच्या कणापेक्षा सूर्याचा गोळा चारशे पटीने मोठा आहे, पण चारशे पटीने लांबही आहे, म्हणून दोघं सारखे दिसतात. एक डोळा मिटा, चिमटीत मिरीचा दाणा धरून हात लांब करा आणि गोळ्यासमोर आणा. गोळा गेला. हात बाजूला घेतला, गोळा आला. ग्रहण म्हणजे एवढंच, मध्ये कोणीतरी येणं. आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, "सगळ्यांच्या काटक्या लावल्या, राहू-केतूची कुठंय?" प्रश्न चांगला होता. पंचांगातल्या नऊ ग्रहांत सूर्य-चंद्र आहेत, राहू-केतूही आहेत, पण आपण जिच्यावर उभ्या आहोत ती पृथ्वी नाही. राहू आणि केतू यांचा दाणा चिकटवता येत नाही, कारण ते गोळे नाहीतच. आकाशात सूर्याची वाट आणि चंद्राची वाट एकमेकींना जिथे छेदतात ती दोन ठिकाणं म्हणजे राहू आणि केतू. दोन पाऊलवाटा एकमेकींना ओलांडतात तशी. अमावास्या त्या छेदाजवळ आली तर सूर्यग्रहण होतं, नाही आली तर नाही. जुन्या लोकांना हा हिशोब येत होता, म्हणून तर पंचांगात ग्रहणाची वेळ आधी छापलेली असते. गरोदर बाईला त्या वेळी उपाशी ठेवायचं, भाजी चिरू द्यायची नाही, हे त्या हिशोबातून कुठेही निघत नाही. दोन जिवांच्या बाईने वेळेवर जेवावं. सावली पडल्याने तिला काही होत नाही, उपाशी राहिल्याने चक्कर येते.

उजेडाचा वेगही या रस्त्यावर दाखवता येतो. उजेड एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. आपल्या मापात ते झाले तीन सेंटिमीटर. म्हणजे मुंगीची चाल. मुलांनी सूर्यापासून पृथ्वीपर्यंत काडी तशी सरकवत नेली, सेकंदाला तीन सेंटिमीटर. आठ मिनिटं वीस सेकंद लागली. पोरं कंटाळून गेली. आत्ता तुमच्या अंगणात पडलेलं ऊन सूर्यावरून आठ मिनिटांपूर्वी निघालेलं आहे. नेपच्यूनपर्यंत ती काडी न्यायला चार तास दहा मिनिटं लागली असती.

आणि माणूस कुठवर गेला? राजगिऱ्यापासून चंद्राचा कण चार सेंटिमीटरच्या आत आहे, जोडलेली दोन बोटं. माणसाचं पाऊल पडलंय ते तिथपर्यंतच. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चांद्रयान-३ उतरलं तेही त्या दोन बोटांच्या टोकाला. त्याच्यानंतर २ सप्टेंबरला आदित्य-एल१ सोडलं, तेव्हा आम्हाला वाटलं होतं की यान सूर्यापाशी चाललं. ते थांबलंय पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर. आपल्या रस्त्यावर १५ सेंटिमीटर. सूर्य १५ मीटरवर आहे आणि यान १५ सेंटिमीटरवरून त्याच्याकडे बघतंय. यात कमीपणा नाही, तिथून मध्ये काही न येता सतत बघता येतं म्हणून ती जागा निवडली आहे. सर्वांत लांब गेलेलं यान म्हणजे अमेरिकेचं व्हॉयेजर-१. १९७७ मध्ये निघालेलं. ते आपल्या मापाने पारापासून साधारण अडीच किलोमीटरवर, म्हणजे शेजारच्या वस्तीवर पोचलंय.

आता मंगळ. सूर्यापासून तो २२.८ मीटरवर, पण आपल्याला मोजायचं होतं पृथ्वीपासून. दोघंही फिरत असल्याने हे अंतर सारखं बदलतं. सूर्याच्या पलीकडे असला तर ४० मीटर. सर्वांत जवळ येतो तेव्हा साडेपाच मीटर, म्हणजे बरोबर एका साडीची लांबी. त्या ताईंनी स्वतःच्या अंगावरच्या नव्हे, पण बरोबर आणलेल्या साडीने ते मोजलं. एक टोक त्यांच्या हातात राजगिऱ्यापाशी, दुसरं टोक मुलीच्या हातात खसखशीपाशी. बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत. मग मुलगी म्हणाली, "हा?"

एका मावशींना मात्र हे पटलं नाही आणि त्यांचं म्हणणं आम्ही इथे सांगणार, कारण ते टाकाऊ नाही. त्या म्हणाल्या, "लहान आहे म्हणून काय झालं? विषाचा थेंब पण एवढासाच असतो." खरं आहे. आकाराने काही ठरत नाही. पण विष पोटात जावं लागतं. साडीभर अंतरावरच्या खसखशीतून राजगिऱ्यावरच्या एका बाळापर्यंत पोचतं काय? एक, मंगळावरून परतून येणारा सूर्याचाच थोडा उजेड. आणि दुसरं, ओढ. प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला आपल्याकडे ओढते, हा गुरुत्वाकर्षणाचा नियम, तो दहावीच्या पुस्तकात आहे. शाळेच्या बाईंनी तिथेच पुठ्ठ्याच्या मागे हिशोब करून दाखवला. मंगळ अगदी जवळ असला तरी तो नवजात बाळाला जेवढं ओढतो, त्याहून जास्त ते बाळ हातात घेऊन उभी असलेली सुईण ओढते. मावशी स्वतः पूर्वी बाळंतपणं करत. त्या म्हणाल्या, "म्हणजे मंगळाआधी माझीच शांती करायला पाहिजे." त्यावर जे हसू झालं ते पारापर्यंत ऐकू गेलं.

याच मंगळाकडे आपलं यान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि साडेदहा महिन्यांनी, २४ सप्टेंबर २०१४ ला त्याच्याभोवती फिरू लागलं. त्या दिवशीचा इस्रोतल्या बायकांचा फोटो तुम्ही कदाचित बघितला असेल, रेशमी साड्या, केसांत फुलं, एकमेकींचं अभिनंदन चाललेलं. त्यांच्यापैकी कोणाची पत्रिका कशी होती हे कोणी विचारलं नसेल.

शनीचंही लगेहात सांगतो. साडेसाती हा शब्द ऐकला की घर दबकतं. शनी लांब आहे, त्याची वाट मोठी आहे आणि चाल हळू. सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. आकाशाच्या बारा राशी, म्हणजे एका राशीतून जायला अडीच वर्षं. आपली रास, तिच्या अलीकडची आणि पलीकडची अशा तीन राशी धरल्या की झाली साडेसात वर्षं. म्हणून साडेसाती. हळू चालणाऱ्याचा तो प्रवास आहे, आणि तीस वर्षांत तो प्रत्येकाच्या राशीवरून जातोच. साडेसात वर्षांत कोणत्या घरात आजारपण, नापिकी, भांडण येत नाही?

कर्जाचं काय झालं, असं रेडिओवर फोन करून दोघींनी विचारलं. त्या ताईंनी पुढच्या बैठकीत सांगितलं की अर्ज तूर्त राहू द्या. मागे घेते असं म्हणाल्या नाहीत. आम्हीही खोदून विचारलं नाही. पत्रिका न बघणारं स्थळ शोधणं हे एका आईच्या एकटीच्या हातात नसतं, समोरच्या घरातही कोणीतरी ती साडी धरून बघितलेली असावी लागते. म्हणून आता आम्ही हे काम शेजारच्या दोन गावांच्या गटांबरोबर करतोय.

तुमच्याकडे सरळ ४५० मीटर रस्ता नसेल तर अडून राहू नका. ८० मीटर मोकळी जागा असेल तर गुरूपर्यंत येतं. शाळेच्या मैदानात मंगळापर्यंत सहज बसतं. प्रमाण लहान करायचा मोह टाळा, कारण मग पृथ्वी राजगिऱ्याहून बारीक होते आणि कुणालाच दिसत नाही. उलट मोठं करायचं तर जागा किती लागते बघा: स्वीडन देशात सूर्यमालेची अशीच मांडणी केलेली आहे, त्यात सूर्य म्हणजे स्टॉकहोम शहरातली एक प्रचंड गोल इमारत, पृथ्वी ६५ सेंटिमीटरची, आणि पुढचे ग्रह गावोगावी, शेकडो किलोमीटरपर्यंत पसरलेले. आणि आपल्या चिंध्यांच्या गोळ्याचा सर्वांत जवळचा शेजारी, म्हणजे सूर्यानंतरचा पहिला तारा, आपल्याच मापाने ठेवायचा झाला तर ४,००० किलोमीटरवर ठेवावा लागेल. काश्मीर ते कन्याकुमारी एवढ्यातही तो मावत नाही.

आमच्या काटक्या, पुठ्ठे आणि पिवळा गोळा गटाच्या कपाटात ठेवले आहेत. कोणत्याही गटाला नेता येतील, आठ दिवसांत परत करायचे. शनीचं कडं नाजूक आहे, ते वेगळ्या डबीत आहे. खसखस आणि रव्याचे कण दर वेळी नव्याने चिकटवावे लागतात, तेवढा डिंक बरोबर ठेवा. सुतळी मात्र तुमची आणा, आमची शेळीने खाल्ली.